निर्वासित आणि आश्रयार्थी मातांसाठी स्वयंसेवी डूला : इंग्लंडमध्ये काम कसे उभारावे?

स्वप्नजा_मिडलंड्स

नमस्कार मंडळी. आमच्या शहरातल्या एका हॉटेलात होम ऑफिसने (ब्रिटनच्या गृहखात्याने) आश्रय मागणाऱ्या कुटुंबांना ठेवले आहे. त्यात एरिट्रिया, सुदान, अफगाणिस्तान आणि इराणमधल्या कुर्द भागातून आलेल्या गरोदर बायका आहेत. बऱ्याचजणी एकट्या आहेत, काहींच्या कडेवर आधीचे मूलही आहे. मराठी मंडळातल्या आम्ही काहीजणी प्रसूतीच्या वेळी त्यांच्या सोबत थांबायला तयार आहोत. दोघींनी डूलाचा (प्रसूतीत सोबत करणारी, पण वैद्यकीय काम न करणारी बाई) अभ्यासक्रम केला आहे, बाकीच्या नवख्या.

नुसत्या उत्साहाने काही बिघडू नये म्हणून विचारते. कायद्याने काय चालते, काय नाही? पहिल्या भेटीत काय करावे? नेमके कुठे अडते? या कामातल्या जाणकारांनी तपशिलात लिहावे ही विनंती.

मिडवाइफ_मधुरा

स्वप्नजा, आधी कुंपण कुठे आहे ते सांगते.

इंग्लंडमध्ये मिडवाइफ (प्रशिक्षित सुईण) किंवा डॉक्टर नसलेल्या माणसाने बाळंतपण करणे हा गुन्हा आहे. अपवाद फक्त अचानक ओढवलेल्या तातडीचा. डूला आतून तपासत नाही, बाळाचे ठोके ऐकत नाही, औषध सुचवत नाही, आणि "अजून घरीच थांब, कळा खऱ्या नाहीत" असे तर कधीच म्हणत नाही. शंका आली की रुग्णालयाच्या मॅटर्निटी ट्रायाजला (प्रसूती विभागाच्या तातडीच्या कक्षाला) फोन. तो नंबर बाईच्या मोबाइलमध्ये आणि खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर असलाच पाहिजे.

दुसरे कुंपण इमिग्रेशनचे. तिच्या अर्जाबद्दल, मुलाखतीबद्दल, अपिलाबद्दल एक वाक्यही सल्ला द्यायचा नाही. नोंदणी नसताना असा सल्ला देणे १९९९च्या कायद्याखाली गुन्हा आहे, आणि संस्थेच्या कामात फुकट दिला तरी त्यातून सुटका नाही. तिला वकिलाचा पत्ता द्या, तिथवर सोबत करा, त्यापुढे जाऊ नका.

तिसरे, एकट्यादुकट्याने सुरुवात करू नका. शहरात निर्वासितांसाठी काम करणारी नोंदणीकृत संस्था असेल तर तिच्या छत्राखाली जा. विमा, बालसुरक्षेचे धोरण, तक्रार कुणाकडे करायची याची व्यवस्था हे सगळे तयार मिळते. प्रत्येकीची वाढीव डीबीएस तपासणी (गुन्हेगारी नोंदीची पडताळणी) हवीच. स्वयंसेवकांना ती फुकट होते. हलमध्ये गुडविन ट्रस्टचा स्वयंसेवी डूला प्रकल्प बरीच वर्षे चालला आहे, लंडनमध्ये बर्थ कम्पॅनियन्स १९९६पासून तुरुंगातल्या आणि अडचणीतल्या मातांसोबत आहे. त्यांची कामाची पद्धत जरूर पाहा.

रुग्णालयाने "आणखी एक माणूस कशाला" असे विचारले तर २०१७चा कॉक्रेन आढावा (अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) पुढे करा. २६ अभ्यास आणि १५ हजारांवर स्त्रिया त्यात आहेत. प्रसूतीभर सलग सोबत मिळाली तर नैसर्गिक प्रसूती वाढतात, सिझेरियन कमी होतात, कळांचा काळ थोडा आटोपतो. मात्र ते आकडे काही खास निर्वासित स्त्रियांचे नाहीत, त्यामुळे जपून वापरा.

कावेरी_दुभाषी

मी भाषेपुरते लिहिते, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथेच होते.

"अरबी" किंवा "कुर्दी" एवढे लिहून दुभाषी मागवू नका. इराणी कुर्द बाई बहुधा सोरानी बोलते, तुर्कस्तानातली कुरमांजी. एकीचा दुभाषी दुसरीच्या कामाचा नाही. एरिट्रियातून आलेली प्रत्येकजण तिग्रिन्या बोलेलच असे नाही. अफगाण बाईला दारी आणि पश्तोतली कुठली भाषा घरची आहे ते विचारा. दुभाषी बाई हवी हे आधीच नोंदवा. आणि फोनवरचा दुभाषी तिच्याच शहरातल्या तिच्याच समाजातला नको. तिने काय सांगितले ते उद्या हॉटेलभर होईल, ही तिची भीती खरी असते.

नवरा, दीर, दहा वर्षांची मुलगी यांच्याकडून भाषांतर करून घ्यायचे नाही. नाइसच्या (उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटिश संस्थेच्या) २०१०च्या मार्गदर्शक सूचना, सीजी११०, स्पष्ट सांगतात की दुभाषी कुटुंबातला किंवा जोडीदार नसावा. रुग्णालयाने टाळाटाळ केली तर हाच क्रमांक पत्रात लिहा.

आता आपल्या लोकांसाठी खास. आपल्याला हिंदी येते, अनेक अफगाण बायकांनाही चित्रपटांमुळे हिंदी-उर्दू समजते. गप्पांना, धीर द्यायला, पाणी हवे का विचारायला ते उत्तम. पण सिझेरियनची संमती, एपिड्युरलचे (कळा बधिर करणाऱ्या पाठीतल्या इंजेक्शनचे) धोके, बाळाच्या तपासण्या या गोष्टी तोडक्या हिंदीत कधीही नको. ती मान डोलावते, आपण "समजले" धरतो, आणि सही होते. दुभाषी जोडा आणि शेवटी तिला विचारा, "आता तुला काय समजले ते मला सांग." तिने सांगितले तरच समजले.

प्रसूतीच्या वेळी फोन-दुभाष्याची सोय बहुतेक रुग्णालयांत असते, पण रात्री तीन वाजता वॉर्डात कुणालाच कोड माहीत नसतो. म्हणून ३६व्या आठवड्याच्या भेटीत मिडवाइफला विचारून केसपेपरच्या पहिल्या पानावर भाषा, बोली, "स्त्री दुभाषी" आणि कोड कुठे मिळेल हे मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. जोडीला पंधरा-वीस शब्दांचे कार्ड करा : दुखते, थांबा, ढकल, ढकलू नकोस, पाणी, शौचास लागली, थंडी वाजते, भीती वाटते, बाळ ठीक आहे. एका बाजूला तिच्या लिपीत, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत. तिला लिहिता-वाचता येत नसेल तर चित्रे काढा.

निशिगंध

कावेरीताई, दुभाषी मिळेपर्यंत अर्धा तास जातो. तोवर थोडेफार भाषांतर डूलाने केले तर काय हरकत?

कावेरी_दुभाषी

निशिगंध, तातडीत जे येते ते बोलायचेच, गप्प बसून चालणार नाही. पण एकदा डूला दुभाषी झाली की ती डॉक्टरचे शब्द पोचवण्यात गुंतते आणि बाईचा हात सुटतो. शिवाय वॉर्डालाही सवय लागते की हिच्यासोबत कुणी आहे, दुभाषी कशाला. "तिने हो म्हटले, पण तिला समजले आहे याची मी खात्री देऊ शकत नाही" हे वाक्य प्रत्येक डूलाला इंग्रजीत तोंडपाठ हवे.

वाटाड्या

मी निर्वासितांच्या हक्कांच्या सल्लाकेंद्रात काम करतो. पैशांचे आणि कागदांचे सांगतो.

आश्रयाचा अर्ज चालू असलेल्या बाईला एनएचएसचे (सरकारी आरोग्यसेवेचे) बिल लागत नाही. अर्ज फेटाळला गेला असेल तरी होम ऑफिसचा कलम ९५ किंवा कलम ४चा आधार (राहण्याखाण्याची सरकारी मदत) चालू असला तर इंग्लंडमध्ये बिल नाही. आधारही नसेल तर बिल येऊ शकते, तेही दराच्या १५० टक्के. पण प्रसूतीची सेवा नेहमी "तातडीने आवश्यक" धरली जाते. पैसे भरले नाहीत म्हणून ती नाकारता किंवा लांबवता येत नाही. हे बाईच्या मनावर नीट ठसवा, कारण बिलाच्या धास्तीने तपासणीलाच न जाणाऱ्या बायका आहेत. ५०० पौंडांहून जास्त बिल दोन महिने थकले तर होम ऑफिसला कळवले जाते, म्हणून पत्र आले की कपाटात न टाकता ताबडतोब सल्लागाराकडे. मॅटर्निटी ॲक्शन ही संस्था याच विषयावर सल्ला देते.

हातातला पैसा किती, हे डूलाने जाणून घ्यावे, म्हणजे "एवढे विकत आण" असे सहज बोलले जाणार नाही. स्वयंपाक स्वतः करायच्या निवासात आठवड्याला ४९.१८ पौंड, जेवण मिळणाऱ्या हॉटेलात ९.९५ पौंड. गरोदरपणात त्यावर ५.२५ आणि वर्षाच्या आतल्या बाळाचे ९.५०. कलम ९५खाली बाळंतपणासाठी एकदाच मिळणारे ३०० पौंड वेगळे, पण ते आपोआप येत नाहीत. प्रसूतीच्या तारखेला ८ आठवडे उरले की मायग्रंट हेल्पमार्फत (आश्रयार्थींना मदत करणारी संस्था) अर्ज करायचा, सोबत मिडवाइफकडून मिळणारे मॅट बी१ (प्रसूतीच्या तारखेचा दाखला). यातले दर बदलत राहतात, दर वेळी सरकारी संकेतस्थळावर पडताळा.

एचसी१ अर्ज भरून एचसी२ (कमी उत्पन्नवाल्यांना आरोग्यखर्चात सवलत देणारे) प्रमाणपत्र घ्या. त्यावर रुग्णालयात जाण्यायेण्याचा खर्च परत मागता येतो. मिडवाइफकडून मॅटर्निटी एक्झेम्प्शन घ्या, म्हणजे औषधे आणि दातांचे उपचार प्रसूतीनंतर १२ महिन्यांपर्यंत मोफत.

सगळ्यात मोठे संकट म्हणजे अचानक दुसऱ्या शहरात हलवणे. पत्र आज, गाडी उद्या. मिडवाइफ, तपासण्या, ओळखीची डूला सगळे एका दिवसात तुटते. प्रसूतीच्या आसपासच्या काळात हलवू नये असे होम ऑफिसचेच धोरण आहे, पण गरोदर असल्याची नोंद त्यांच्याकडे नसेल तर ते धोरण जागे होत नाही. म्हणून तारीख, गुंतागुंत आणि "सेवा खंडित झाल्यास धोका काय" हे लिहिलेले मिडवाइफचे पत्र लवकरात लवकर मायग्रंट हेल्पकडे आणि तिच्या वकिलाकडे जायला हवे. तरीही हलवलेच तर केसपेपरचे मोबाइलवर फोटो, रक्तगट, सोनोग्राफीच्या तारखा आणि नव्या शहरातल्या मॅटर्निटी विभागाचा नंबर तिच्याकडे असू द्या. नवी नोंदणी आपणहून होत नाही, करावी लागते.

मिडवाइफ_मधुरा

वाटाड्या, फार उपयोगी. यात भर घालते ती प्रसूतीच्या रात्रीची, कारण बहुतेक गोष्टी वैद्यकीय कारणाने कमी आणि व्यवस्थेच्या कारणाने जास्त फसतात.

आधीचे मूल कुणाकडे? एकट्या बाईच्या बाबतीत हा पहिला प्रश्न, आणि तोच शेवटपर्यंत राहून जातो. लेबर वॉर्डात लहान मूल चालत नाही. शेजारच्या खोलीतली मैत्रीण "बघते" म्हणते, पण ती स्वतः कधी हलवली जाईल सांगता येत नाही. ३४व्या आठवड्यापर्यंत मूल सांभाळणारीचे एक नाव आणि ती नसल्यास दुसरीचे, अशी दोन नावे लिहून ठेवा. दोन्ही नसतील तर मिडवाइफमार्फत सोशल सर्व्हिसेसकडे आधीच योजना मागा. आईला त्या नावाचीच भीती असते, मूल काढून नेतील म्हणून. दुभाष्यासह बसून तिला सांगा की हे दोन रात्रींच्या सांभाळासाठी आहे आणि तिच्या संमतीने आहे. डूलाने मूल स्वतःच्या घरी नेऊ नये.

गाडी कशी? रुग्णवाहिका फक्त तातडीला. टॅक्सीचे पैसे कोण देणार, हॉटेलच्या रात्रपाळीच्या माणसाला ती बोलावण्याचा अधिकार आहे का, हे लेखी विचारा. रिसेप्शन बंद असेल तर मुख्य दार आतून कसे उघडते तेही पाहा. पत्ता आणि पोस्टकोड इंग्रजीत लिहून पलंगाशी लावा, रुग्णवाहिकेच्या ९९९ नंबरला तोच लागतो.

मोबाइलमध्ये पैसे आणि चार्ज. लांब वायरचा चार्जर पिशवीत सगळ्यात आधी. तिचा दुभाषी, नकाशा आणि गावाकडची आई, सगळे त्या फोनवर.

पिशवी ३६व्या आठवड्याला तयार हवी : केसपेपर, एआरसी कार्ड (आश्रयार्थीचे ओळखपत्र), मॅटर्निटी पॅडची दोन पाकिटे, गडद रंगाचे दोन सैल गाऊन, चपला, डोके झाकायचे दोन रुमाल (एक खराब होतोच), खजूर आणि बिस्किटे, पाण्याची बाटली, नवजात मापाचे वीसेक डायपर, सहा झबली, दोन टोपडी, दोन दुपटी. बेबी बँकेतून (बाळांचे सामान फुकट देणारी संस्था) कपडे येतात, पण धुऊन आणि माप पाहून द्या. सहा महिन्यांच्या मापाची पिशवीभर झबली पहिल्या रात्री कुणाच्या कामाची नाहीत. बाळाची कार सीट टॅक्सीत कायद्याने सक्तीची नाही, तरी शक्य असेल तर मिळवा.

कधी निघायचे? दहा मिनिटांत तीन कळा, प्रत्येक ४५ ते ६० सेकंद, हा नेहमीचा हिशेब पहिलटकरणीचा. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला, किंवा रुग्णालय लांब असेल तर त्याआधीच फोन. बाळाची हालचाल मंदावली, रक्त गेले, पाणी हिरवट किंवा दुर्गंधीचे आले, डोके ठणकून डोळ्यांपुढे चमकायला लागले, वरच्या पोटात दुखले, ताप आला, तर कळा असोत-नसोत लगेच फोन. तळहात-तळपायांना खाज सुटली तर "हवामानामुळे असेल" म्हणून सोडू नका, यकृताशी संबंधित कोलेस्टेसिस असू शकतो. तो दक्षिण आशियाई बायकांत जास्त दिसतो.

निशिगंध

अत्याचार सोसलेल्या बायकांशी कसे वागावे? विचारायचे की नाही?

मिडवाइफ_मधुरा

विचारायचे नाही. तिची कहाणी होम ऑफिसने, वकिलाने, डॉक्टरने मागितलेली असते. डूलासमोर तरी ती मागितली जाऊ नये. त्याऐवजी सगळ्यांनाच विचारायचा साधा प्रश्न वापरा : "बाळंतपणात तुला काय नको आहे?" उत्तरातून पुरेसे कळते. दार उघडे नको, दिवा बंद नको, पुरुष डॉक्टर नको, उताणे झोपायचे नाही, मागून हात लावायचा नाही. हे तिच्या शब्दांत बर्थ प्लॅनमध्ये लिहा. कारण लिहायची गरज नाही.

आतून तपासणी साधारण चार तासांनी करू का असे विचारले जाते. ती नाकारता येते, पुढे ढकलता येते, मध्येच थांबवता येते. हात वर केला की थांबायचे, ही खूण मिडवाइफशी आधी ठरवा, आणि तिच्यासमोर एकदा करून दाखवा.

काही बायका तपासणीच्या वेळी एकदम गप्प होतात, नजर स्थिर होते, हाकेला उत्तर नाही. वॉर्डात त्यांना "शांत पेशंट" म्हणतात. ती शांतता नाही, बाईचे मनच तिथे नसते. मिडवाइफला हळू आवाजात सांगा, तपासणी थांबवा. बाईचे नाव घ्या, तळपाय जमिनीला किंवा गादीला टेकवा, कुठे आहोत, किती वाजले, खोलीत कोण आहे ते सांगा. हात धरायच्या आधी विचारा.

सुदान, सोमालिया, एरिट्रिया, गांबिया इथल्या काही स्त्रियांची लहानपणी जननेंद्रियाची छाटणी झालेली असते. योनीमुख शिवलेले असेल तर ते उघडण्याची छोटी शस्त्रक्रिया शक्यतो गरोदरपणातच करावी, नाहीतर प्रसूतीच्या वेळी करावी लागते. यासाठी खास क्लिनिक असतात, मिडवाइफकडे तशी मागणी करता येते. प्रसूतीनंतर पुन्हा शिवून देणे इथे बेकायदा आहे, आणि हे तिला आधीच कळायला हवे. नंतर कळले तर ती हादरते. हे बोलणे मिडवाइफचे आहे, डूलाने फक्त ते होईल एवढे पाहावे.

अंगणवाडी_पुणे

आपल्याकडचे डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, ओव्याची धुरी यांतले काही देता येईल का? बाळंतिणीला बरे वाटेल.

स्तनपान_सखी

लाडू जरूर, पण आधी विचारून. सुकामेव्याची ॲलर्जी आणि तिची स्वतःची पथ्ये दोन्ही पाहा. एरिट्रियात बाळंतिणीला लोणी घातलेला गाअत नावाचा घट्ट लापशीसारखा पदार्थ देतात, तो करून आणणारी बाई त्याच शहरात बहुधा सापडते. त्याने जे होते ते आपल्या लाडवाने होणार नाही. धुरी मात्र नको. हॉटेलातला धुराचा अलार्म वाजतो, रात्री सगळी इमारत खाली उतरवली जाते आणि बाईला ताकीद मिळते.

खरी अडचण दुधाची. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजणे, चीकदूध टाकू न देणे, पाचव्या दिवसापासून रोज सहा तरी जड ओले डायपर, एवढे तिच्या भाषेत सांगितले तरी पुष्कळ. चीक टाकायची पद्धत काही घरांत असते. रागावू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांचे दूध एवढेच असते आणि बाळाचे पोटही तेवढेच असते, हे समजावले की बहुतेक आया पाजतात.

वरचे दूध द्यायचे असेल तर हॉटेलच्या खोलीत किटली आहे का हे आधी पाहा. अनेक ठिकाणी आगीच्या भीतीने ठेवू देत नाहीत. भुकटी निर्जंतुक नसते, म्हणून पाणी किमान ७० अंश हवे : किटलीत एक लिटर ताजे पाणी उकळायचे आणि ३० मिनिटांच्या आत वापरायचे. आधी पाणी, मग भुकटी, चमचा सपाट. नळाच्या गरम पाण्यात भुकटी ढवळणे हा हॉटेलातला नेहमीचा धोका आहे. किटली मिळत नसेल तर हेल्थ व्हिजिटरकडून (बाळाच्या आरोग्यासाठी भेट देणारी नर्स) "वैद्यकीय गरज" असे पत्र घ्या. बाटल्यांसाठी थंड पाण्यात टाकायच्या निर्जंतुकीकरणाच्या गोळ्या सोयीच्या : झाकणाचा डबा, ३० मिनिटे पूर्ण बुडवून, द्रावण दर २४ तासांनी नवे.

झोपेचे : बाळ उताणे, स्वतंत्र सपाट जागेत, आईच्याच खोलीत, खोली १६ ते २० अंश. हॉटेलातले हीटर आपल्या हातात नसतात, म्हणून खोली तापली तर पांघरूण कमी करायचे, टोपी काढायची. पाळणा प्रसूतीच्या आधी खोलीत आला पाहिजे. "येईल" या शब्दावर बाळाला घरी आणू नका.

स्वप्नजा_मिडलंड्स

सगळ्यांचे मनापासून आभार. आमच्यातल्या कामाची वाटणी कशी असावी? आणि आम्ही व्हॉट्सॲप गट काढला आहे, त्यात बाईची माहिती टाकतो.

मिडवाइफ_मधुरा

तो गट आजच बंद करा. आश्रयार्थीचे नाव, खोली, देश, प्रसूतीची तारीख एकत्र कुठेही फिरता कामा नये. मागे लागलेला नवरा किंवा तस्कर अशाच माहितीवरून पोचतो. वेळापत्रकासाठी गट ठेवा, पण त्यात फक्त आद्याक्षर आणि "आज रात्री कोण". बाळाचे फोटो नाहीत, तिने स्वतः पाठवले तरी पुढे नाहीत.

एका आईला दोन डूला, दोघींची ओळख आधीच झालेली. प्रसूतीआधी किमान दोन, जमल्यास चार भेटी, त्यातली एक रुग्णालयात वाट आणि दार पाहायला. ३८ ते ४२ आठवडे दोघींनी आळीपाळीने फोन चालू ठेवायचा. बारा तासांनंतर बदली, आणि ती आईसमोर सांगून. प्रसूतीनंतर सहा आठवडे भेटी, शेवटची तारीख पहिल्याच भेटीत सांगितलेली. नाहीतर तिला वाटते की आणखी एक माणूस न सांगता निघून गेले. उसने पैसे देऊ नका. प्रवासखर्च संस्थेने डूलाला द्यावा, स्वयंसेवा म्हणजे पदरमोड नव्हे. महिन्यातून एकदा अनुभवी व्यक्तीसोबत बसणे सक्तीचे करा. कठीण प्रसूतीनंतर ४८ तासांत वेगळे बोलणे हवे.

राईनकाठ

जर्मनीतल्या मराठी मैत्रिणींसाठी दोन ओळी. तिथे आश्रयार्थी कायद्याच्या कलम ४खाली गरोदरपण आणि बाळंतपणाची सेवा, हेबामेसह (मिडवाइफसह), पूर्ण मिळते. अनेक ठिकाणी सोझियालअमटकडून (समाजकल्याण कार्यालयाकडून) उपचाराचा कागद आधी घ्यावा लागतो, तो तिमाही संपली की नवा. हेबामे प्रसूतीनंतर पहिले दहा दिवस रोज घरी येऊ शकते, आश्रयछावणीतही. पण त्या इतक्या कमी आहेत की गरोदर असल्याचे कळताच शोध सुरू करावा. मुटरपास (गरोदरपणाची नोंदवही) कायम सोबत.

निशिगंध

शेवटचा प्रश्न. बाळाच्या जन्मनोंदणीला डूलाने काही करायचे असते का?

वाटाड्या

हो, कारण ती राहिली की बाळाचे पैसे अडतात. इंग्लंडमध्ये ४२ दिवसांत नोंदणी, वेळ आधी ठरवून. आईने स्वतः जायचे. लग्न झालेले नसेल आणि वडिलांचे नाव हवे असेल तर त्यांनीही सोबत हजर राहायचे. नावाचे स्पेलिंग एआरसी कार्डावर आहे तसेच ठेवा, एका अक्षराच्या फरकाने पुढे वर्षानुवर्षे कागद अडकतात. रजिस्ट्रारकडे दुभाषी मिळेल का, ते वेळ ठरवतानाच विचारा. प्रमाणपत्राची प्रत १२.५० पौंडांना, म्हणजे हॉटेलातल्या बाईच्या आठवड्याच्या पैशांहून जास्त, त्यामुळे संस्थेच्या निधीत ही रक्कम धरून ठेवा. दोन प्रती घ्या : एक मायग्रंट हेल्पला दाखवून बाळाचे नाव आधारात घालायला, एक वकिलाकडे. इथे जन्मले म्हणून बाळ ब्रिटिश होत नाही, त्याचे नाव आईच्या अर्जात जोडावे लागते, पण ते सांगणे वकिलाचे. तुम्ही फक्त भेटीची वेळ घ्या आणि रेड बुक (बाळाच्या आरोग्याची नोंदवही), पाजण्याचे सामान, दोन डायपर घेऊन तिच्यासोबत जा.